नकाशापुढचा कूलर

विदर्भाच्या नकाशावर मी एक बारीक जाळी अंथरली होती. तिच्या प्रत्येक घरात त्या दिवसाच्या कमाल तापमानाचा आकडा होता आणि आकड्याला साजेसा रंग. अशी चित्रे ओळीने पळवली की कित्येक उन्हाळे काही मिनिटांत डोळ्यांपुढून वाहून जात. पुण्याच्या संस्थेतल्या मॅडमना हे चलचित्र संध्याकाळपर्यंत हवे होते. ते पसंत पडले तर संस्थेत नोकरी होती. दारव्ह्यातल्या या पत्र्याच्या खोलीतून सुटण्याचा दुसरा रस्ता मला ठाऊक नव्हता. खाटेखाली माझी बॅग कधीचीच भरून पडली होती.

दुपारी, पाठवण्यापूर्वी एकदा पाहावे म्हणून पाहिले, आणि चूक दिसली. जानेवारीही मेइतकाच लाल होता. सॉफ्टवेअर दर दिवसासाठी रंगपट्टी नव्याने आखत होते. त्या दिवशी जिथे सर्वांत जास्त ऊन, तिथे लाल. थंडी आणि होरपळ एकाच रंगात बुडाली होती. मी पट्टीची दोन्ही टोके सगळ्या दिवसांसाठी एकच बांधली आणि चित्रे पुन्हा काढायला लावली.

पण पत्रा तापला होता. थोडी चित्रे निघाली की संगणक आपोआप बंद पडे. मी पुन्हा सुरू करी, तो पुन्हा बंद पडे.

"दादा, तुह्या नकाशाले ऊन लागलं!" धाकटी पायल दारातून हसली, आणि बाबांना बोलवायला गेली.

समोरच्या खोलीत बाबांचे कूलर दुरुस्तीचे दुकान होते. ते हात पुसत आले. "काहून बंद पडून राह्यलं?"

"फार तापतो, बाबा."

"मंग तसं सांगाव ना! तोंडात मूग धरून बसला." ते परत गेले आणि वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेला कूलर फरफटत घेऊन आले.

"हा नेरच्या गिऱ्हाइकाचा आहे ना?"

"असू दे. नेरले काय आजच आग लागली? खिडकी उघड पह्यले. कोंडल्या खोलीत कूलर बी घुसमटते."

पडद्यावर उजेड पडतो म्हणून ती खिडकी मी महिनोन् महिने बंद ठेवली होती. ती उघडली. बाहेर जीपवाला नेरच्या सवाऱ्या हाकारत होता. वाळ्याचा ओला गंध खोलीभर पसरला आणि चित्रे एकामागून एक निघू लागली. आता जानेवारी निळा होता. मार्चमध्ये पिवळा चढत होता. मे आला की जाळीतले आमचे घर लालात बुडून दिसेनासे होत होते.

ऊन कलण्याच्या आत मी चलचित्र पाठवले. दिवेलागणीला मॅडमचा फोन आला.

"फार सुरेख झालंय, अश्वजित. हे सगळं तुम्ही दारव्ह्यातून केलंत?"

"हो, मॅडम."

"मग पुण्याला यायची गरजच काय? नोकरी तुमचीच. काम तिथूनच करा."

यायचे आहे, एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो, "हो, मॅडम."

बाबा दारात उभे होते. "काय म्हणे?"

"नोकरी लागली, बाबा. इथूनच करायची."

त्यांचा चेहरा असा उजळला की माझ्याने त्याकडे पाहवेना. "पायल, आईले सांग! पोरगं घरीच राहून राह्यलं!" मग कूलरवर थाप मारून म्हणाले, "हा आता इथून हालत नाही. नेरवाल्याले दुसरा करतो."

त्यांनी कूलर उचलून खिडकीत बसवला. खिडकी पुरती भरून गेली. जीपवाल्याचा आवाजही विरला. पडद्यावरचा मे संपून पुन्हा पहिला जानेवारी सुरू झाला होता.

"पाना दे," बाबा म्हणाले. "पक्का कसून टाकतो."

मी पाना दिला.