पंगतीतून उठलेला मामा

"मामाजी, बुरा मानू नोका," मोतीलालने वाकून शालिकरामच्या कानात सांगितलं, "पण तुम्ही ह्या पंगतीत बसले तं आमचे लोक न जेवताच जातीन."

मोतीलाल नवरदेवाचा काका. माणूस वाईट नव्हता. सकाळी शालिकराम नवरीच्या, सत्यभामेच्या पाठीशी मामा म्हणून उभा राहिला, तेव्हा ह्यानेच हसून त्याला पानसुपारी दिली होती. पण पाठीशी उभं राहणं वेगळं आणि पंगतीत बसणं वेगळं. आता नवरदेवाच्या गावची, खैरलांजीकडची वडीलधारी मंडळी मांडवाच्या तोंडाशी अडून उभी होती आणि मोतीलालला घाम फुटला होता.

शालिकरामच्या पुढे पत्रावळीवर वरणभात वाढून झाला होता.

बाप्तिस्मा घेतल्यापासून तो आपल्या राजेगावच्या एकाही पंगतीत बसला नव्हता. बालाघाटच्या मिशनने त्याला प्रचारक केलं आणि तो सायकलवरून गावोगावच्या आठवडी बाजारांत हिंडू लागला. बायबलातल्या पेत्र-पौलाच्या प्रवासाच्या गोष्टी सांगायचा. समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे त्याच्या पौलाचं जहाज वैनगंगेच्या पुरात सापडल्यासारखं फुटायचं. उकव्याचे खाणकामगार तोंडात बोट घालून ऐकत आणि गोष्ट संपली की कांदे-मिरच्या घ्यायला निघून जात. त्याच्या सांगण्याने फारसं कुणी ख्रिस्ती झालं नाही. मिशनच्या साहेबांना त्याचं वाईट वाटे, ह्याला नाही. गोष्ट सांगायला मिळते, हेच त्याला पुष्कळ होतं. बहिणीच्या घरचं जेवण सुटलं, ते मात्र त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

म्हणून थोरली बहीण मैनाबाई लग्नाचं बोलावणं घेऊन स्वतः बालाघाटला आली आणि म्हणाली, "पोरीच्या लग्नाले येजो, अन् पंगतीत बसजो. दूर बसाचं असन तं येऊच नोको," तेव्हा हा पन्नाशीचा बाप्या तिच्यासमोर ढसाढसा रडला होता.

त्याने मान वर करून पाहिलं. सत्यभामा शेल्याची गाठ सांभाळत नवऱ्यामागे उभी होती. मंडळी न जेवता गेली तर पोरीला सासरी जन्मभर ते ऐकावं लागणार. शालिकरामने आपली पत्रावळ उचलली.

"मले भूकच नाही जी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मांडवाबाहेर वऱ्हाडाचे बैल बांधले होते, तिथे तो जाऊन बसला. वाढलेलं अन्न टाकवेना आणि घासही उचलवेना.

थोड्या वेळाने मैनाबाई आली. डोळे लाल झालेले.

"काहून उठला?"

"बाई, पोरीच्या सासरचे लोक..."

"तूच सांगतं ना? तो पेत्र परक्या जातीच्या लोकाइसंग जेवत होता, अन् यरुशलेमहून आपले लोक आले तसा भेऊन पंगतीतून उठला. मंग पौलानं त्याले सगळ्याइसमोर झाडला."

शालिकराम बघतच राहिला. "हे तुले कोणं सांगतलं?"

"आपल्या गावच्या बजारात तू सांगे, तवा बांगडीवाल्याच्या पालामागं उभी राहो मी. दर खेपी."

आपल्या गोष्टी कुणी मनात ठेवल्या असतील, हेच त्याला नवीन होतं.

"पेत्र स्वतःसाठी भेला होता, बाई," तो कसाबसा म्हणाला. "मी पोरीसाठी उठलो."

"हौ. पण उठलाच ना."

कन्यादान करणाऱ्या आईचा उपास असतो. मैनाबाईच्या पोटात सकाळपासून पाणीही नव्हतं. आतून मोतीलाल हाका मारत होता, "इहीनबाई, तुमचं पान वाढलं, चला."

ती गेली नाही. भावाशेजारी धुळीत मांडी घालून बसली, पत्रावळ दोघांच्या मध्ये ओढली, भात कालवला आणि त्याच पानातला पहिला घास तोंडात घातला. मांडवातले वाढपी जागच्या जागी थांबले. खैरलांजीची मंडळी मोतीलालकडे बघू लागली. मोतीलालने त्या दोघांकडे पाहिलं, मग गुपचूप आपल्या जागी बसला आणि खाली मान घालून जेवू लागला.

"वरण थंडं झालं," मैनाबाई भावाला म्हणाली. "जेव."