अध्यक्षांचा पगार

गोळीबार चौकातल्या साडीवाल्यांनी आमच्या ह्यांना अकरा वर्षं फुकट राबवलं, आणि अकरा वर्षं मी त्या साडीवाल्यांना शिव्या घातल्या.

हे म्हणजे चंपतराव, निवृत्त हेडमास्तर. साडीवाले म्हणजे ईश्वरदास, त्याचा धाकटा भाऊ बाबनराव, त्यांची म्हातारी आई जनाबाई आणि मधल्या, वारलेल्या भावाची बायको मैनाबाई. चौघंही कंपनीचे संचालक. जनाबाईचा नवरा, म्हातारा मालक, मरताना नियम करून गेला होता: अध्यक्ष बाहेरचा, अब्रूदार माणूस असावा आणि घरात दोन-दोन मतं पडली की त्यानं निकाल द्यावा. दोन-दोन तर दरवेळीच पडायची. भाऊ एकीकडे, सासू-सून दुसरीकडे. हे जाऊन कागद वाचायचे, भांडणं निस्तरायचे. मिळायचं काय, तर दिवाळीला शाल आणि नारळ! चौकात लोक रामराम करत, पण रामरामानं चूल पेटत नाही. मी पगाराचं विचारलं की हे म्हणायचे, "मागून पाहिलं वं. देत नाहीत थे लोकं."

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ईश्वरदास स्वतः घरी आला. "मास्तर, पुढच्या महिन्यापासून तुम्हाले पगार. चिठ्ठीच घेऊन आलो." मी हरखून वडाभात केला. जाताना तो उंबऱ्यात म्हणाला, "सोमवारच्या मिटिंगले जरा आमच्याकडं पाहा." मी ते ऐकलं आणि पगाराच्या आनंदात कानाआड केलं. ती माझी चूक, कबूल करते.

रविवारी मैनाबाई एस.टी.नं उमरेडहून आली. तिथले हातमाग ती चालवायची. पाण्याला हातही न लावता म्हणाली, "काकू, उद्या हे दोघं भाऊ माग बंद करून मले कंपनीतून काढून राहिले. सारं मास्तरच्या एका मतावर हाय."

"आता बरी आली!" मी उसळले. "अकरा वर्षांत याह्यचा पगार नाही सुचला तुले?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "दरसाली मीच तर ठराव मांडत होती, काकू. बांधलेला पगार असला का माणूस कोणाच्या उपकारात राहत नाही, म्हणून. भाऊजीही तयार होते. मास्तरच नाही म्हणत."

ती गेल्यावर मी ह्यांच्यापुढे उभी राहिले. "खरं हाय का हे?"

हे चष्मा पुसायला लागले. "मी म्हणो, मी तं घरचा माणूस, मले पगार कशाले? मंग ईश्वरदास सगळ्याइपुढं म्हणे, मास्तर देवमाणूस हायेत. बरं वाटे."

बरं वाटे! हातात लाटणं होतं, ते हातातच कसं राहिलं ते माझं मला ठाऊक. मी फाटक्या लुगड्याला दंड घालून नेसत होते आणि ह्यांना बरं वाटत होतं.

"मंग आता काहून घेता?"

"वय झालं वं. शेवटी शेवटी काही भेटन तं..."

"मैनाबाई गेली का दोन-दोन मतं पडणार नाहीत. मंग त्या लोकाईले तुमचं काय काम?"

"तुले कंपनीतलं काय समजते?" म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

सोमवारी ह्यांनी भावांच्या बाजूनं मत दिलं. उमरेडचे माग बंद झाले, मैनाबाई कंपनीतून गेली. पगार दोन महिने आला. तिसऱ्या महिन्यात शिपाई कागद देऊन गेला: अध्यक्षपदाची आता आवश्यकता उरलेली नाही.

हे कागद धरून ओट्यावर बसले. "मले घरचा म्हणत होता थो," म्हणाले. "ईश्वरदासनं असं काहून केलं असन?"

मला ईश्वरदासचा राग आलाच नाही. त्यानं माझा नवरा पहिल्या मिटिंगीत ओळखला होता. मला अकरा वर्षं लागली.

"थो जाऊ द्या," मी म्हटलं. "आता एस.टी. भेटते. उमरेडले जा, मैनाबाईले तोंड दाखवा, मंग या घरात जेवाले बसा."

हे बसूनच राहिले. मी आत गेले आणि पेटत्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं.