स्विचला घातलेला वळसा

"आठ दिवसांत या ताई. नवव्या दिवसाची खात्री मी देत नाही," गिअरबॉक्सवाले काका म्हणाले होते. तिने ते कानामागे टाकलं. कडेवर लेक किरकिरत होती, पाळणाघराचं दार नऊला बंद व्हायचं, आणि गाडी एकदाची सुरू झाली होती. सुरू झालेल्या गाडीशी कोण वाद घालतं?

त्याआधी तीन सकाळी गाडीने हूं की चूं केलं नव्हतं. काका गाडीखालून निघाले ते कोपरापर्यंत तेलात माखून.

"ऑटोमॅटिक गाडीचा कंट्रोलर म्हणजे बिनखिडकीच्या खोलीत बसवलेला कारकून," ते म्हणाले. "त्याला स्वतःला काही दिसत नाही. एक सेन्सर चाकाचे दात मोजून वेग कळवतो, एक तेल किती तापलंय ते सांगतो, ब्रेकपाशी एक स्विच असतो, तो पाय पडला की बोलतो. आणि एक स्विच गिअरबॉक्सच्या कुशीत. लिव्हर पीवर, म्हणजे पार्किंगला आहे, की डीवर, म्हणजे गाडी चालण्याला, एवढंच त्याने सांगायचं. 'पी' किंवा 'एन', म्हणजे न्यूट्रल, म्हटल्याशिवाय स्टार्टरला करंट नाही. तुमच्या स्विचची आतली पट्टी झिजलीय. लिव्हर पीवर असूनही बेटा गप्प."

"मग त्याला बोलतं करा."

"मेलेल्याला कसं बोलतं करू? नवा मागवावा लागेल."

"तोवर मी काय गाडी ढकलत नेऊ?"

"ढकलून ऑटोमॅटिक सुरू होत नाही, नाहीतर तेही सुचवलं असतं."

शेवटी तिच्या घाईपुढे काकांनी हात टेकले. एक तांबडी वायर घेऊन त्यांनी स्विचला वळसा घातला. "आता स्विचला कुणी विचारणारच नाही. लिव्हर डीवर असली तरी चावी फिरवताच गाडी उडी मारेल. सीटवर नीट बसून, ब्रेक दाबूनच चावीला हात लावायचा."

लेकीचा चमचा दोनदा उकळणारी, गॅसचं बटण तीनदा बघणारी ही बाई. पण आठ दिवसांचे सात महिने झाले आणि नवा स्विच काही बसला नाही.

मग एका सकाळी एक पाय बाहेर ठेवून, सँडलचा पट्टा लावता लावता तिने चावी फिरवली. आदल्या दिवशी घाईत गाडी डीवरच बंद केली होती. गाडी उसळली, आणि भिंतीशी ठेवलेला कचऱ्याचा डबा चपटा झाला. डबा लेकीच्या उंचीचा होता. लेक आत पाणी पीत होती, एवढंच.

"ही ब्याद घरात नको," नवरा म्हणाला. तिला वाटलं, आता तरी तो गाडी काकांकडे नेईल. त्याने ती चार दिवसांत विकली.

घेणाऱ्या होत्या चष्म्याच्या दुकानातल्या एक बाई. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, क्लच जमत नाही, म्हणून त्यांना ऑटोमॅटिकच हवी होती. खुशीत येऊन त्या म्हणाल्या, "मला बसायला वेळ लागतो बाई, म्हणून मी आधी बाहेरूनच हात घालून गाडी सुरू करते. नात पुढे जाऊन फाटक उघडते. आमची दोघींची वाटणी ठरलेली." मग चावी हातात घेत विचारलं, "काही सांगण्यासारखं आहे का?"

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "नाही. एसी छान आहे."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा ती म्हणाली, "वायरचं सांगायला हवं होतं."

"त्यांनी चालवून बघितली, आवडली, नेली," नवरा म्हणाला. "झाकली मूठ कशाला उघडतेस?"

"मुठीत त्यांची नात आहे."

तो उठून आत गेला.

आठवड्याने तिने फोन लावला, नंबर बंद. चष्म्याच्या दुकानात गेली, तर कळलं की बाई परवाच काम सोडून लेकाकडे गेल्या. कुठे? तिथल्या मुलीने खांदे उडवले. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, सामान गेलं, गाडी गेली, पत्ता कुणाला माहीत नाही. उरले काका.

"गाडी माझ्याकडे आली असती तर आधी ती वायर उपटली असती," ते म्हणाले. तिला वाटलं होतं, रागावतील. ते रागावले नाहीत, नुसतेच हात पुसत राहिले. "वायर मी लावली ताई. तुम्ही घाई केलीत, पण हात माझा होता."

त्यानंतर ती रोज पाळणाघरातून परतताना वेगळी गल्ली धरते, प्रत्येक राखाडी गाडीच्या खिडकीत वाकून बघते. लोक हटकतात. गाडी सापडेल असं तिला आता वाटत नाही, आणि सापडली तर वेळेवर सापडेल असं तर मुळीच नाही.

म्हणून तुम्हालाच सांगायचं. तुमच्या आळीत डाव्या पायाने लंगडणाऱ्या, पूर्वी चष्म्याच्या दुकानात काम केलेल्या कुणी बाई नव्याने राहायला आल्या असतील, दारात जुनी राखाडी ऑटोमॅटिक असेल, आणि एक लहान मुलगी फाटक उघडायला पुढे पळत असेल, तर उद्यावर ढकलू नका. आजच जाऊन बघा, ती मुलगी बरी आहे ना.