टिंब नसलेली बाय

मित्रांनो, मी एक जुनी बांय आहे. पुढे वाचण्याआधी माझ्या डोक्यावरचे टिंब नीट बघून घ्या. टिंबासकट मी विहीर, टिंबाशिवाय मी बाई. हा फरक आमच्या गोव्यातल्या हरमलात सगळ्यांना कळतो, कारण आम्ही तो नाकातून बोलतो. कागदाला मात्र नाक नसते. त्यामुळे एकदा मला खोकल्याचे औषध मिळाले. ती हकिकत सांगते.

माझा जन्म सुमारे ऐंशी वर्षांपूर्वीचा. आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, किनाऱ्यापासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पाणी कुठे लागेल हे सांगायला हळर्णहून एक जाणकार आला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वाडाभर फिरला. नारळ जिथे उभा राहिला, तिथे एक रेडा बसलेला होता. रेडा उठेना. शेवटी चार हात बाजूला खणले, आणि तरीही पाणी लागले. श्रेय नारळाचे की रेड्याचे, यावर वाड्यात अजून दोन मते आहेत.

जांभ्या चिऱ्यांनी मला बांधून काढले. मग सगळा वाडा माझ्यावर आला. नवी सून आली की आधी मला हळद-कुंकू. बाळंतीण घराबाहेर पडली की पहिला दिवा माझ्या काठावर. भांडणेही माझ्याच काठावर होत, आणि ती मी तळापर्यंत ऐकत असे. लोक म्हणत, "हिचे पाणी म्हणजे अमृत." मी मनातून फुगत असे. विहिरीला फुगता येत नाही, तरीही.

मग नळ आला. नळाला वाकावे लागत नाही. लोक वाकायचे विसरले आणि टाकायला शिकले. निर्माल्य, करवंट्या, चेंडू, एकदा चक्क प्लास्टिकची खुर्ची. ती खुर्ची माझ्यात चार वर्षे होती. बसायला कोणी आले नाही. काठाला पिंपळ उगवला, तळाशी गाळ साचला, आणि माझा झरा गाळाखाली दबून गेला. फेब्रुवारी उजाडला की माझ्यात जेमतेम कळशीभर पाणी उरे.

त्या कळशीभर पाण्यासाठी एकटी कमलाक्षी येत राहिली. वय बासष्ट. माझ्या शेजारी तिचा भाजीचा मळा आहे: तांबडी भाजी, मिरच्या, थोडी वांगी. ती मला शिव्या देत पाणी काढी. "मेल्ये, कालच्यापरास आज कमी दिलंस!" मित्रांनो, कोणी शिव्या देत का होईना, पण रोज येते, ही फार मोठी गोष्ट असते.

तिच्या शेजारी सुदेश राहतो. तो पर्यटकांना भाड्याने स्कूटर देतो. स्कूटरी अकरा, आणि त्या ठेवायला अंगण दीडच स्कूटरचे. त्याने वाड्याच्या बैठकीत विषय काढला.

"ही बांय कोण वापरता? डास तेवढे वापरतत. बुजवून सपाट करूया."

"मी वापरतंय मरे!" कमलाक्षी म्हणाली.

"काकी, एका घरासाठी काय बांय ठेवतत?"

सुदेश वाईट मुलगा नाही. पहाटे उठून अकरा सीटा पुसतो. त्याचे म्हणणेही अगदी चुकीचे नव्हते, आणि ऐकताना मला तेच जास्त लागले. बैठकीत ठरले की मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी बघायचे. त्या दिवशी दहा घरांनी माझे पाणी भरले तर मी राहणार. नाहीतर मातीचा टिप्पर येणार.

कमलाक्षीची मुलगी विनिता म्हापशाला तिसऱ्या मजल्यावर राहते. तिने फोनवर सांगितले, "आई, बांय गेली तर मळा गेला. मगे थय एकटी काय करतलंस? त्याच रविवारी मी गाडी घेऊन येतंय. बॅग भरून ठेव."

त्या घरात बाल्कनी आहे. बाल्कनीत दोन कुंड्या मावतात. एक आधीच भरलेली आहे.

त्याच सुमारास डिचोलीच्या एका संस्थेची जाहिरात आली. वाड्यातल्या लोकांनी मिळून वाड्याचे एखादे काम हाती घ्यावे, संस्था छोटीशी मदत देईल. काम मात्र लोकांनी स्वतः करायचे. कमलाक्षी जाहिरात घेऊन जयराम मास्तरांकडे गेली. मास्तर पस्तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेले. दुकानाच्या पाट्यांवरच्या चुकाही ते लाल पेनाने दुरुस्त करतात. दुकान उघडे असले तरी.

"मी 'विहीर' असे लिहितो," मास्तर म्हणाले.

"विहीर शाळेच्या पुस्तकात. आमची ती बांय. बांयच लिवा."

मास्तरांनी तिचा मान ठेवला, पण शुद्धलेखनाचाही ठेवला. पूर्वी 'गांव' लिहीत, आता 'गाव' लिहितात. 'नांव'चे झाले 'नाव'. ज्या टिंबाचा स्पष्ट उच्चार नाही ते देऊ नये, असा नियम आहे. गावाचे टिंब गेले, नावाचे गेले, मग बांयचे कोणाच्या वशिल्याने राहणार? मास्तरांनी ते खोडले. अर्ज असा झाला:

"आमच्या वाड्यावर एक जुनी बाय आहे. वय सुमारे ऐंशी. एके काळी सारा वाडा तिच्यावर जगला. आता तिच्याकडे एकट्या कमलाक्षी जातात. तिच्या अंगावर झाडे उगवली आहेत, आत गाळ साचला आहे, आणि काही रहिवासी तिला बुजवण्याच्या विचारात आहेत. तिला स्वच्छ करून पुन्हा माणसांत आणण्यासाठी मदत मिळावी."

संस्थेत हा अर्ज तेजस्विनी नावाच्या मुलीने वाचला. ती कोल्हापूरची, गोव्यात येऊन चार महिने झालेली. इथे बायकांना 'बाय' म्हणतात, एवढे ती नुकतीच शिकली होती. अर्ज वाचून तिचे डोळे भरून आले. अंगावरची झाडे तिने अलंकार म्हणून सोडून दिली, कारण खाली शिक्षकाची सही होती. 'आत गाळ' म्हणजे छातीत कफ. 'बुजवणे' म्हणजे घाबरवणे. एका आठवड्यात मदत मंजूर झाली.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती स्वतः आली. हातात घोंगडी, काठी आणि खोकल्याची बाटली. मळ्यात तिला कमलाक्षी भेटली.

"कमलाक्षी तुम्हीच ना? मग बाय कुठे आहे?"

कमलाक्षीला त्यात टिंब ऐकू आले. गरजू माणसाला ऐकू येते. "ती थय, माडाखाली."

"एवढ्या उन्हात?"

"मगे? हयसर तिका कोण उचलून हाडतलो?"

"रात्री सोबतीला कोणी असतं?"

"बेडूक."

तेजस्विनीने वहीत काहीतरी लिहिले. "आणि पावसाळ्यात?"

"पावसात ती बरी आसता. गळ्यापर्यंत भरता. हाल ते उन्हाळ्यात."

"खायला काय देता तिला?"

"आमी काय देव? लोक टाकतत मा कायबाय. चार वर्सांआदी कोणी मेल्यान खुर्ची टाकली."

"अंगावर?"

"अंगावर नाय गो बाय, आत!"

तेजस्विनी धावतच निघाली. माडाखाली आली, इकडे बघितले, तिकडे बघितले. माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हते. मी काय करणार? मी आहे तशी राहिले. मग ती वाकली. मला आत तिचा चेहरा दिसला आणि तिला माझ्यात तिचा. तिने घोंगडी माझ्या काठावर ठेवली. ऐंशी वर्षांत मला कोणी पांघरूण आणले नव्हते. चुकून आणले, तरी ऊब तीच.

मास्तरांना बोलावून आणले.

"सर, हे 'बाय' म्हणजे..."

"बांय. विहीर."

"मग टिंब कुठाय?"

"अनुच्चारित अनुस्वार देऊ नये. नियम आहे."

"अनुच्चारित?" कमलाक्षी उसळली. "मास्तर, आमी उच्चारतांव! नाकातसून उच्चारतांव!" आणि तिने म्हणून दाखवले. शेजारच्या दोन घरांतून लोक आले, त्यांनीही म्हणून दाखवले. दहा मिनिटे सगळा वाडा तेजस्विनीसमोर नाकातून माझे नाव घेत उभा होता. एवढ्या वेळा माझे नाव नळ येण्याआधीही कोणी घेतले नव्हते.

तेजस्विनीने संस्थेत फोन लावला. उत्तर आले की मदत मंजूर झाली आहे ती एका वृद्धेच्या देखभालीला. काम बदलायचे तर नवा अर्ज, तोही पुढच्या वर्षी. शुद्धलेखनाची चूक असेल तर मात्र ज्याने लिहिले त्याने जागेवर सुधारून सही करावी. मग आधीची समजूत आमची चुकली, असे आम्ही लिहू.

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तर आभाळाकडे बघू लागले.

"पस्तीस वर्षे मी मुलांची टिंबे खोडली," ते हळूच म्हणाले. "आता मीच चूक केली असे लिहून देऊ?"

मग कमलाक्षी म्हणाली, "मास्तर, तुमचो नियम पुस्तकात रवतलो. मी खय रवतलंय, बाल्कनीत?"

तेजस्विनीने वहीतला अर्ज पुढे केला, मास्तरांनी खिशातून पेन काढले. लाल होते. त्यांनी टिंब इतके दाबून दिले की ते कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटले. शेजारी सही केली आणि कोणाशी न बोलता घरी गेले. मित्रांनो, लोक म्हणतात की मोठी माणसे धरणे बांधतात. असतील. मला एका ठिपक्याने वाचवायला घेतले.

मदत छोटीच होती. त्यात दोन दिवस भाड्याचा पंप, एक दोर आणि वर बसवायची लोखंडी जाळी एवढे भागले. उरलेले काम हातांनी. गाळ काढायला बाबली उतरला. तो बांद्याकडचा, खाणीच्या ट्रकांवर असायचा, आता इथे मजुरी करतो. तो मला 'बाव' म्हणतो. नावाचे इतके झाल्यावर मी तक्रार करणे सोडून दिले आहे. उतरण्याआधी त्याने पेटता कंदील दोराने आत सोडला. कंदील विझला असता तर आत वाईट हवा, मग उतरायचे नाही. कंदील विझला नाही. मी इतकी वर्षे कोंडून होते, तरी माझा श्वास चांगला निघाला, याचा मला अभिमान आहे.

पहिल्या दिवशी खुर्ची निघाली. ती धुऊन मास्तरांना बसायला दिली. ते आले होते, लांब उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबली तळातून ओरडला, "झरो गावलो! पाणी येता!" आणि नेमका त्याच क्षणी पंप बंद पडला. पेट्रोल संपले. पाणी चढत होते, तळाचा चिखल अर्धा बाकी. पाणी असेच चढले तर गाळ पुन्हा झऱ्यावर बसणार, आणि पंप संध्याकाळी परत द्यायचा होता. कमलाक्षीने सुदेशकडे बघितले. तो हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या बाजूला एक रशियन जोडपे हेल्मेट घालून, भाड्याच्या स्कूटरची वाट बघत होते.

सुदेशने हाताची घडी सोडली. मग म्हणाला, "बाबल्या आत आसा म्हणून हां," आणि त्याच स्कूटरच्या टाकीत नळी घालून पेट्रोल काढू लागला. जोडप्याला वाटले की स्कूटर घेण्याआधीचा हा इथला विधी असावा. तेही रांगेत येऊन चिखलाच्या बादल्या पुढे देऊ लागले. शेवटपर्यंत हेल्मेट काढले नाही. संध्याकाळी माझा तळ चकचकीत झाला, आणि झरा मोकळा.

पण मित्रांनो, स्वच्छ होणे वेगळे आणि हवे असणे वेगळे. मे महिन्याचा शेवटचा रविवार आला. सकाळपासून लोक कळशा घेऊन आले. मास्तर आले, बाबली आला. नऊ घरे झाली. दुपार झाली, दहावे घर येईना. विनिताची गाडी आली. ओट्यावर कमलाक्षीची भरलेली बॅग. कमलाक्षी मात्र मळ्यात मिरच्यांना पाणी घालत होती, जणू आज सोमवार आहे.

तेवढ्यात सुदेश आला. हातात रिकामी बादली.

"काय रे, बुजवूक इलस?"

"नाय गो काकी." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नळाक तीन दिवस पाणी नाय. खाऱ्या वाऱ्यान स्कूटरी गंजतत. धुवूक पाणी जाय."

"मगे काढ."

सुदेश माझ्याजवळ आला आणि तसाच उभा राहिला. "काकी... दोर कसो धरतत?"

तो नळानंतर जन्मलेला. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. कमलाक्षीने हातातली झारी खाली ठेवली, त्याच्या हातांवर हात ठेवले आणि दोर सोडायला शिकवला. "झटको दी. आता बुडता. आता ओढ. हळू मेल्या, भितीक आपटता!" बादली माझ्या चिऱ्यांना दोनदा आपटत वर आली, अर्धी सांडून.

"अर्धीच इली," तो म्हणाला.

"अर्धी चलता," कमलाक्षी म्हणाली. मग मुलीकडे वळली. "विनिता, बॅग आत ठेव. आणि ही तांबडी भाजी घेऊन जा. शेजाऱ्यांकय दी, तुमच्या थय कुंडीत मावूची नाय."

विनिता दोन जुड्या भाजी घेऊन म्हापशाला गेली. गाडीत मागची सीट रिकामी होती. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितली. विहिरीला मान वळवता येत नाही, तरीही.

मित्रांनो, तुमच्याही वाड्यावर अशी एखादी जुनी वस्तू असेल, जिच्याकडे एकच माणूस जातो. तिला वाचवायला लागणारी मदत बहुतेक वेळा छोटीच असते. मोठे असते ते दहाव्या माणसाचे येणे. तुम्ही दहावे असाल तर उशीर झाला म्हणून लाजू नका. दोर धरता येत नसेल तर विचारा. माझ्यात काही टाकू नका, आणि अधूनमधून मला वाकून बघा.

फार वाकू नका.