भूपेशचं लॉगिन

काजलनं लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत लॉगआउटची ओळ टाइप केली आणि एंटरवर नेलेलं बोट तसंच धरून ठेवलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडे, हैदराबादेत, भूपेश.

"केलं का वं?"

"करून राहिली ना! घाई काहून?"

बेसा रोडवरच्या याच खोलीत दोघांनी मिळून कोडचं एक पॅकेज लिहिलं होतं. भूपेशच्या बाबांच्या हातमागावरचे साड्यांचे करवती काठ ते स्क्रीनवर काढून देई. जगभरातल्या लोकांना ते जिथून उतरवून घेता येई, त्या ऑनलाइन रजिस्ट्रीत खातं भूपेशचं. लॉगिन मात्र काजलच्या लॅपटॉपवर. तो नोकरीसाठी गेला, लॉगिन राहिलं. वर्षभर ना फोन, ना ख्यालीखुशाली. काजल रोज सकाळी मशीनला विचारायची, आत्ता कोण लॉगिन आहे? मशीन इमानदारीत सांगायचं, भूपेश. वेडेपणा होता, तिलाही कळत होतं. पण तेवढंच त्याचं तिच्याकडे उरलं होतं, त्याला काय करणार!

आणि आज फोन आला तो ह्यासाठी. म्हणे कंपनीचा नियम आहे, जुनी लॉगिनं काढा.

"तुले तिथूनच काढता आलं असतं," ती म्हणाली. "खात्याच्या पानावर सगळ्या मशीनची यादी असते. एक बटन दाबलं की खतम."

"तेच पान उघडून बसलो आहो."

"मंग?"

"तूच कर ना."

म्हणजे तोडायचं कामही तिच्याच गळ्यात! काजलला संताप आला, आणि त्याच्या मागोमाग रडू. तिनं एंटर दाबलाच नाही. लिहिलेली ओळ एकेक अक्षर करून पुसून टाकली.

"झालं," ती म्हणाली.

"थांब, पाहतो."

पान तर त्याच्या समोरच उघडं होतं! यादीत तिचं मशीन जसंच्या तसं दिसणार. पलीकडे माउसची टिकटिक झाली.

"हो वं," भूपेश हळूच म्हणाला. "गेलं. इथंही दिसून नाही राहिलं."

काजलनं मशीनला रोजचाच प्रश्न विचारला. उत्तर आलं, भूपेश. लॉगिन जागच्या जागी होतं.

फोन दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.