लाल पुडीतला श्वास

रविवारी सकाळी आठ वाजता सक्करदरा तलावामागच्या एका वस्तीत, मोकळ्या मैदानावर, शालिकराम महाराजांनी काचेच्या बरणीचं झाकण उघडलं. बरणीत गहू होता. शनिवारी सकाळी याच गव्हात सोंडे वळवळत होते. ते जमलेल्या बायांनी पाहिलं होतं, मुलांनी मोबाइलवर टिपलं होतं. मग महाराजांनी त्यात एक पुडी टाकून झाकण लावलं होतं. आता त्यांनी बरणी परातीत उपडी केली. गव्हासोबत मेलेले सोंडे काळ्या तिळांसारखे पसरले. एकही हलत नव्हता.

गर्दीतून "अगं माय" असा एकच आवाज निघाला.

महाराजांनी परातीतून एक लाल कापडाची पुडी उचलली. उचलताना त्यांनी मान वळवली होती आणि गमछा नाकावर ओढला होता. तो देवीचा मान असावा, असं बायांना वाटलं.

"काल यात काय बांधलं होतं? कडक गोळी. पाहा आता," महाराजांनी पुडी सोडली. आत करडी राख होती. "गोळीचं भस्म कोणं केलं? मी नाही केलं. अन्नपूर्णेनं केलं. मायचा श्वास हाय हा. जिथं तो फिरला, तिथं कीड राहत नाही."

"महाराज, थोडा लसणासारखा वास येऊन राहिला," पुढच्या रांगेतली कामिनी म्हणाली.

"येणारच! नजर उतरवाले माय लसूण जाळते. तुह्या सासूनं कधी उतरवली का वं तुही नजर, फुकटात?"

हशा पिकला. कामिनीनेही हसून पुडीसाठी पदर पुढे केला.

महाराजांच्या अटी तीन होत्या. पुडी कोठीत टाकल्यावर तिला हात लावायचा नाही. कोठी असेल त्या खोलीची दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, कारण श्वास बाहेर गेला की देवी गेली. आणि महिनाभर याबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

"नवऱ्याले नाही, माहेरी नाही, डॉक्टराले तर बिलकुल नाही. जिनं तोंड उघडलं, तिच्या घरचं लेकरू पहिले जाईन. मंग मह्याकडे रडत येऊ नका."

यावर कोणी हसलं नाही.

मे महिन्यात नागपुरात घरोघर वर्षाचा गहू भरतात. गच्चीवर चादरी पसरून उन्हात वाळवायचा, चाळायचा, एरंडेल चोळायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा आणि पत्र्याच्या कोठीत भरायचा. एवढं करूनही पावसाळ्यात कीड लागतेच. देवकीबाईंचा गेल्या वर्षीचा अर्धा गहू असाच गेला होता. म्हणून त्या सुनेला, सोनिकाला, सोबत घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या कोठीच्या मापाने महाराजांनी त्यांना जास्त पुड्या दिल्या, आणि त्याच दिवशी त्या कोठीत गेल्या.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. कोठी आतल्या खोलीत. तीच कुलरची; उन्हाळ्यात रात्री सोनिकाची दोन्ही मुलं तिथे झोपत आणि मोठी माणसं ओट्यावर. देवकीबाईंचा मुलगा सौरव कुलर दुरुस्तीचं काम करतो. त्याने स्वतःच्या घरचा कुलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर नीट बसवला होता, ताजी हवा आत यावी असा. सोमवारी आईने तो आत घ्यायला लावला.

"काहून पण, आई?"

"खिडकीतून उंदरं येते. लाव खिडकी."

"बंद खोलीत कुलर लावला तर सारं दमट होते. तुले मी कितीदा सांगितलं?"

"होऊ दे दमट. लाव तू."

सोनिका चूल आवरत राहिली. तिनेही महाराजांना न बोलण्याचं वचन दिलं होतं. सौरवने कुलर आत ओढला, खिडकी लावली आणि कामाला गेला. मे महिन्यात कुलरवाल्याला वाद घालायला वेळ नसतो.

बुधवारी दुपारी सोनिकाच्या मोठ्या मुलीचं, नऊ वर्षांच्या रितिकाचं, डोकं दुखू लागलं. मग उलट्या झाल्या. नागपुरात मे महिन्यात मूल उलटी करतं तेव्हा कोणी दुसरा विचार करत नाही: ऊन लागलं. देवकीबाईंनी कैरीचं पन्हं पाजलं, तळव्यांना कांदा चोळला. आणि ऊन लागलेल्या लेकराला या शहरातली प्रत्येक आई जे करते, तेच सोनिकाने केलं. मुलीला कुलरच्या खोलीत झोपवलं, दाराला ओला पडदा लावला, कुलर जोरात केला.

रितिका म्हणाली, "आई, इथं वास येते. मी बाहेर झोपतो."

"बाहेर आग पडून राहिली. झोप इथंच."

गुरुवारी सकाळी रितिकाला उभं राहता येईना. ओठ निळसर, हातपाय गार, श्वास तोकडा. सौरवने तिला उचललं. सोनिका आणि देवकीबाई मागे धावल्या.

रुग्णालयात डॉ. मेघा ड्यूटीवर होत्या. त्यांनी मुलीच्या कपाळावर हात ठेवला, नाडी पाहिली, यंत्रावरच्या आकड्याकडे पाहिलं.

"ऊन लागलं म्हणता, पण अंग तर गार आहे. रक्तदाब एवढा का उतरला? ठोके का चुकताहेत? घरात उंदरांचं, ढेकणांचं काही औषध टाकलंय?"

"नाही जी," देवकीबाई म्हणाल्या.

"धान्यात काही?"

देवकीबाईंनी सुनेचं मनगट धरलं. "काहीच नाही, बाई."

डॉक्टर सोनिकाकडे पाहत राहिल्या. सोनिकाच्या एका बाजूला पलंगावर मुलगी होती, दुसऱ्या बाजूला महाराजांचं वाक्य: तोंड उघडलं की लेकरू जाईन. बोलावं तर जाईल. आणि न बोलावं तर?

"घरात आणखी कोणाला त्रास आहे?" डॉक्टरांनी सौरवला विचारलं.

"लहान्याचं डोकं दुखून राहिलं सकाळपासून. हर्षितचं. त्याले झोपवून आलो. शेजारची कामिनी मधात मधात पाहून येते."

"झोपवून आलात कुठे?"

"कुलरच्या खोलीत. दार लावून."

सोनिकाने हात हिसडून सोडवला. "कोठीत पुड्या हाय!" ती ओरडली. "महाराजानं देल्या. लाल पुड्या. त्याच खोलीत कोठी हाय!"

"सोनिका! लेकराचा जीव जाईन वं!"

"जाऊनच राहिला ना, आई!"

डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. आत करड्या गोळ्या होत्या का? वास लसणासारखा, सडक्या मासळीसारखा येत होता का? सोनिकाने दोन्हींना हो म्हटलं. मग डॉक्टर सौरवला म्हणाल्या, "घरी फोन लावा. मुलाला बाहेर काढा. आत्ता. कोठीला कोणी हात लावायचा नाही, पुडीवर पाणी टाकायचं नाही. मी अग्निशमन दलाला कळवते."

सौरवने समोरच्या घरातल्या प्रेमानंद सरांना फोन केला. सर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. सौरवचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते गल्लीत होते. कामिनी तोंडाला बांधायला ओला रुमाल घेऊन धावली.

"रुमालानं हा गॅस अडत नाही, कामिनीताई. लोकांले मागं सरकवा."

सरांनी आधी बाहेरून खिडकीची झडप तोडली, ठिणगी नको म्हणून घराबाहेरचा मेन स्विच पाडला, मग दार लोटलं. श्वास रोखून आत गेले आणि हर्षितचे दोन्ही खांदे धरून त्याला ओढतच बाहेर आणलं. सहा वर्षांचं पोर जागं होत नव्हतं. ओट्यावर वारा लागल्यावर त्याने उलटी केली आणि रडू लागलं. कोणीतरी दुचाकी काढली. मुलगा रुग्णालयात गेला.

थोड्या वेळाने अग्निशमन दलाचे जवान श्वसनयंत्र लावून आत शिरले आणि त्यांनी कोठी मैदानाच्या टोकाला नेऊन ठेवली. तोवर अख्खी वस्ती जमली होती. शालिकराम महाराजही आले.

"वचन मोडलं," ते मोठ्याने म्हणाले. "सांगितलं होतं मी. तोंड उघडलं अन् लेकरावर आलं."

"वचन आज सकाळी मोडलं, महाराज," प्रेमानंद सर म्हणाले. "पोरगी कालच पडली. तुमच्या मायनं आगाऊच शिक्षा देली का?"

गर्दीत कुजबुज झाली.

"मास्तर, तुम्ही देव मानत नाही, तुम्ही मधात बोलू नका."

"मी देवाचं काही बोलूनच नाही राहिलो गा. मी गोळीचं बोलून राहिलो."

सरांनी प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या मागवून घेतल्या होत्या. एक पट्टी पुडी न घेतलेल्या एका घरच्या कोठीच्या तोंडाशी धरली. दुसरी एका जवानाने देवकीबाईंच्या कोठीच्या तोंडाशी धरली. दोन्ही सावलीत, कारण उन्हानेही हा कागद काळवंडतो. पहिली पांढरी राहिली. दुसरी लोकांच्या देखत तपकिरी झाली, मग काळी.

"हा तुमचा श्वास," सर लोकांकडे वळले. "याले फॉस्फीन म्हणते. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, गोदामातल्या धान्यात टाकाची. हवेतलं पाणी लागलं की तिच्यातून गॅस निघते अन् मागं राख उरते. भस्म कोणी केलं? दमट हवेनं केलं. बंद खोलीत कुलर लावला, हवा आणखी ओली झाली, गॅस आणखी जोरानं निघाला. सोंडे त्यानंच मेले. पण गॅसले काय माहीत सोंडा कोणता अन् लेकरू कोणतं?"

"खोटं हाय! मह्या पुडीनं कोणाले काही होत नाही!"

"मंग या. कोठीजवळ उभे राहून सांगा."

महाराज एक पाऊल पुढे झाले. वाऱ्याची झुळूक कोठीकडून आली, आणि त्यांचा हात सवयीने गमछ्याकडे गेला.

"तोंडावर गमछा काहून घेऊन राहिले, महाराज?" कामिनीने विचारलं. तिच्या स्वतःच्या घरात पुडी होती. "मायचा श्वास ना तो? घ्या ना मंग. आमच्या लेकरायनं घेतला, तुम्ही काहून नाही घेत?"

महाराज मागे वळले. पण गर्दी मागेही होती.

वस्तीने त्यांना पोलिसांच्या हवाली केलं, आणि पोलिसांना त्यांच्या खोलीत ॲल्युमिनियमचे डबे सापडले. प्रत्येकावर कवटीचं चित्र आणि ठळक अक्षरांत इशारा. चौकशीत कळलेलं असं: शालिकराम काही वर्षं एका ठेकेदाराकडे गोदामांत धान्याला विषारी धुरी देण्याच्या कामावर होता. काम सुटलं, डबे जवळ राहिले. गोदाम कसं बंद करतात, दारावर धोक्याची पाटी कशी लावतात, जवळपास माणूस झोपू देत नाहीत, आणि काम संपल्यावर कितीतरी वेळ हवा खेळवून, यंत्राने तपासून मगच आत जातात, हे सगळं त्याने पाहिलेलं होतं. त्यातलं दार बंद करणं तेवढं त्याने वस्तीला सांगितलं. मौनाची अटही साधी होती: बाई बोलली असती तर कोणत्याही डॉक्टरने विचारलं असतं, आणि बाबागिरी त्याच दिवशी संपली असती.

या गोळ्या घरासाठी नाहीत. राहत्या घरात, कोठीत, पलंगाखालच्या पोत्यात, त्या कधीही टाकायच्या नाहीत. परवाना असलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी, जिथे कोणी राहत नाही अशा बंदिस्त गोदामात त्या वापरायच्या असतात. कापडाची पुडी हा गॅस अडवत नाही, कोठीचं झाकण अडवत नाही. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला सावरून धरू शकतात, आणि तेही त्यांना खरं सांगितलं तरच. घरात पुडी असेल तर तिला हात लावू नका, पाणी टाकू नका; सगळे बाहेर या, अग्निशमन दलाला बोलवा. गव्हाला कडक ऊन द्या, कोठी कोरडी ठेवा, आणि तरीही कीड लागली तर गहू चाळून घ्या. आणि जो माणूस म्हणतो, डॉक्टरला सांगू नका, त्याला पहिला प्रश्न विचारा: का?

गुरुवारी दुपारपासून कामिनी आणि प्रेमानंद सर जवानांना घेऊन दारोदार फिरत आहेत. काही बाया न विचारता कोठीकडे बोट दाखवतात. काही अजून "आमच्याकडे नाही" म्हणतात आणि दार लोटतात. पुड्या किती वाटल्या, हे शालिकरामने पोलिसांना सांगितलेलं नाही.

हर्षितला शुक्रवारी सकाळी साध्या वॉर्डात हलवलं. रितिका अतिदक्षता विभागात आहे. तिचा रक्तदाब औषधांवर टिकून आहे, ठोके अजून मधूनच चुकतात. सोनिकाला काचेपर्यंत जाऊ देतात. देवकीबाई तिच्या शेजारी उभ्या असतात. शुक्रवारी दुपारी सौरवने डॉ. मेघांना विचारलं, पोरगी वाचेल ना. डॉक्टर म्हणाल्या, "आज सांगता येत नाही."