एक तर नावाडी, नाही तर मी

दर रविवारी दुपारी दादाच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही गोष्टीचा खेळ खेळतो. दादा सूत्रधार. राजे, राक्षस, भुतं, पाऊसपाणी, सगळं खातं त्याच्याकडे. आम्ही तिघं एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतो आणि अडलं की फासे टाकतो. मी सेनापती, वहिनी वैद्य आणि कोपऱ्यावरचा चावीवाला चोर. हा माणूस आठवडाभर लोकांची कुलपं उघडतो आणि सुट्टीच्या दिवशी हौसेनं इथे तेच करायला येतो.

पण आमच्यात एक चौथाही होता. वाट दाखवायला म्हणून दादानं एक म्हातारा नावाडी दिला, तो काही केल्या जाईना. त्यालाही दादाच चालवायचा. ज्यानं सापळा लावला त्याच्याच माणसाला सापळा कुठे आहे हे कळायला कितीसा वेळ लागणार? सापळा जवळ आला की नावाड्याचा गुडघा आधीच दुखायचा. मी तलवार उपसेपर्यंत त्यानं राक्षस वल्ह्यानं लोळवलेला असायचा.

भुतांच्या राजापुढे तर हद्द झाली. नावाडी राजाशी तह करायला बसला. म्हणजे दादा जाड आवाजात धमकी देई आणि घोगऱ्या आवाजात स्वतःलाच उत्तर देई. आमचा चहा पिऊन झाला, वहिनीनं वाटाणे सोलायला घेतले. शेवटी राजाचा अपमान झाला आणि दादा खरोखरच चिडला, कुणावर ते त्यालाच ठाऊक. मग तळघराचं कुलूप आलं. चावीवाला बाह्या सरसावून पुढे झाला, तर नावाड्यानं खिशातली तार काढून ते उघडलंसुद्धा.

जिन्यात चावीवाला मला म्हणाला, "एक तर नावाडी, नाही तर मी."

तो गेला असता तर उरलो असतो घरचेच, म्हणजे खेळ बंद. सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं कॉलेज, माझी नोकरी, माझ्या खोलीचा पंखासुद्धा दादानं निवडलेला. त्याच्यापुढे तोंड उघडायची मला सवय नव्हती.

"दादा, त्या नावाड्याला बुडव," मी म्हटलं. "आम्हाला जरा चुकू दे ना."

तो फासे डबीत भरून आत गेला.

पुढच्या रविवारी नावाडी पहिल्याच वळणावर वाहून गेला, दोन वाक्यांत. आणि खरं सांगते, मजा आली. आम्ही चुकलो, आपटलो, चावीवाल्यानं एकदाचं कुलूप उघडलं आणि खुर्चीवर उभा राहिला. दादा मात्र चौकशीच्या खिडकीमागे बसल्यासारखा विचारलं तेवढंच सांगत होता.

"आपण तिघं मिळून राक्षसाला मारतो, तेव्हा राक्षस कोण असतो?" कप विसळताना वहिनी म्हणाली. "तुझा दादा. आपल्या बाजूनं यायला त्याच्याकडे तेवढा एक म्हातारा होता."

मला भरून आलं. रागही आला, कारण हे मला आधी कळायला हवं होतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, पुढची गोष्ट मी सांगणार आणि दादा नुसता खेळणार.

नियमांचं जाडजूड पुस्तक मी डोळे फुटेस्तोवर वाचलं. एक किल्ला रचला, दारावर कोडं घातलं. दादा कोवळा धनुर्धारी होऊन समोर बसला, नव्या वर्गात आल्यासारखा. आणि दारापाशी अडला. उत्तर शेजारच्या भिंतीवर कोरलेलं होतं, पण भिंतीकडे बघेल तर शपथ. त्यानं दाराला बाण मारला, दाराची विनवणी केली. चावीवाला त्याला भलतेच सल्ले देत होता, वहिनी हसून बेजार. तिघांनाही कसली घाई नव्हती.

माझा मात्र जीव खालीवर व्हायला लागला. इतकं साधं कसं सुचत नाही माणसाला?

"तेवढ्यात," मी म्हणाले, "झाडीतून एक मोळीवाली म्हातारी येते. तिचं लहानपण याच किल्ल्यात गेलंय."

चावीवाल्यानं कपाळाला हात लावला.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग धनुर्धाऱ्याच्या कोवळ्या आवाजात त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "आजी, पोहता येतं का तुम्हाला?"